बुडालेल्या गावाचं मतदान

३ फेब्रुवारी

नातीने वाढदिवसाला ही डायरी दिली तेव्हा म्हणाली, "आजी, बोलायला कुणी नसलं की यात लिही." मी म्हटलं, "कुणी नाही कसं? तुझे आजोबा आहेत की. भिंतीसारखे ऐकतात." डायरी कपाटात टाकली ती टाकलीच. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

सकाळी पेपरात आलं की मोठ्या साहेबांनी राजीनामा दिला. मोठे साहेब म्हणजे आमच्या मतदारसंघाचे खासदार. माझ्या लग्नाच्या वर्षी पहिल्यांदा निवडून आले, ते आजपर्यंत. आणि दर वेळी त्यांच्यासमोर अपक्ष उभं राहून हरायचं काम आमच्या घरात होतं. आता साहेबांना झेपत नाही, वय झालं. संसदेची दीड वर्षाची मुदत उरलीय तेवढ्यासाठी पोटनिवडणूक लागणार. त्यानंतर आमचा मतदारसंघच राहणार नाही. नव्या सीमा आखल्यात, तीन तुकडे करून तीन शेजाऱ्यांना वाटून टाकणार म्हणे.

बातमी वाचून ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढ्या वर्षांच्या संसारात चष्मा पुसणं म्हणजे काय हे मला कळतं. मी तिथल्या तिथे सांगितलं, "मनातसुद्धा आणू नका. गेल्या वर्षी छातीत दुखून पडलात तेव्हा डॉक्टर काय म्हणाले? जिने नाहीत, भाषणं नाहीत. अर्ज भरलात तर मी अक्काकडे निघून जाईन."

हे म्हणाले, "बरं."

बस. एवढंच. पहिल्या झटक्यात "बरं" म्हणालेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. नवीन गोळ्यांचा परिणाम असावा.

५ फेब्रुवारी

मला राजकारणाचा मनस्वी तिटकारा आहे, हे आधीच लिहून ठेवते. पण पेपरवाल्या पोराने, म्हणजे इथल्या साप्ताहिकाच्या संपादकाने, ह्यांना मतदारसंघाचा इतिहास विचारायला फोन केला आणि हे चुकीचं सांगत होते. शेवटी मी हातातून फोन घेतला.

आमच्या घरात साल कुणी सांगत नाही, चिन्ह सांगतात. अपक्षाला दर वेळी नवं चिन्ह मिळतं ना. पहिली, छत्रीची. सगळ्या पुढाऱ्यांनी मिळून ठरवलं होतं की साहेबांना बिनविरोध पाठवायचं. कशाला भांडणं, कशाला खर्च. हे आमच्या गावच्या शाळेत मास्तर होते. भर सभेत उठून म्हणाले, "बिनविरोध झालं तर आमच्या गावात मत मागायला येणार कोण?" लोक हसले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी नोकरी सोडून अर्ज भरला. मला सासरी येऊन आठ दिवस झाले होते. नव्या नवरीने काय केलं असेल? पोस्टरं चिकटवायला घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात खळ शिजवली. कडक ऊन, ढगाचा पत्ता नाही आणि माझे दीर रस्तोरस्ती छत्री उघडून फिरत होते.

पण साहेबांना आमच्या गावी यावं लागलं. रस्ता नव्हता, शेवटचा टप्पा पायी. नवे बूट चावले, टाचेला फोड आले. पुढच्या वर्षी रस्ता झाला. निकालाच्या संध्याकाळी साहेब गळ्यातले हार काढून सरळ आमच्या दारात. "तुमच्यामुळे पाय सुजले माझे. आता चहा तरी द्या." मी मुद्दाम बिनसाखरेचा दिला. मुकाट्याने पिऊन वर आणखी अर्धा कप मागितला. तेव्हापासून पद्धतच पडली, जिंकलेल्याने हरलेल्याच्या घरी चहा प्यायचा. आणि बिनसाखरेची पद्धत माझी.

मग शिडीची. लेक त्या वर्षी झाली आणि उंच निघाली. नणंद अजून तिला शिडीच म्हणते. मग बादलीची. ती विसरली गेली असती तर बरं होतं. धरणाच्या भिंतीचं काम सुरू झालेलं, गाव पाण्याखाली जाणार हे ठरलेलं, आणि आम्हाला चिन्ह काय तर बादली! समोरचे लोक म्हणायचे, बादलीभर पाण्याला घाबरतात. हे घसा फुटेपर्यंत बोलले. हरलो. दोन वर्षांनी गाव गेलं.

मधल्या मला नीट आठवत नाहीत. म्हणजे कात्रीची, शिट्टीची, टेबलाची, पतंगाची आणि दुसऱ्यांदा आलेल्या छत्रीची. टेबलाच्या वेळी अनामत रक्कम वाचली होती, पेढी उघडल्यासारखे हे तीन दिवस सगळीकडे मिरवत होते. संपादक म्हणाला, "काकू, तुम्हीच पुस्तक लिहा." मी म्हटलं, "मला कुठला वेळ, आणि मला कुठे एवढं माहीत आहे?"

९ फेब्रुवारी

भाच्याचा फोन आला. अक्काचा मुलगा.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं ते तिने. माझी वेणी घालताना इतकी ओढून घालायची की डोळे तिरळे होतील. दोघींची लग्नं गावातच झाली, तिचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. गाव गेल्यावर ती मुलाबरोबर लांब गेली. प्रवासाला दोन दिवस लागतात एवढं लांब. आता तिला विसरायला होतंय. मागच्या महिन्यात फोनवर मला विचारलं, "कोण बोलतंय?" मी सांगितलं. म्हणाली, "हो का? बरं झालं फोन केलात." मला अहोजाहो! मी फोन ठेवून भांडी घासत बसले.

भाचा म्हणाला, "मावशी, मतदान कधी आहे? आई उंबरठा ओलांडत नाही. लग्नाला नाही, दवाखान्यात नाही. पण टीव्हीवर निवडणूक म्हणाले तशी कपड्यांची पिशवी भरून दाराशी बसलीय. मतदान असेल तर आणतो. नाहीतर तिला उठवणं माझ्या हातात नाही."

डायरीत कुणाला समजावून सांगायचं नसतं, पण नात कधी वाचेल म्हणून लिहिते. गाव बुडाल्यावर सरकारने वर माळावर प्रत्येक घराला जागा दिली. खाली एवढं मोठं धरण आणि वर प्यायला थेंब नाही. कोण राहील? जो तो कामधंदा मिळाला तिकडे गेला. पण मतदार यादीतली नावं त्याच पत्त्यावर राहिली. कात्रीच्या वेळी अधिकारी नावं कापायला आले होते, हे आणि मी ऑफिसाच्या दारात बसून राहिलो तेव्हा केंद्र वाचलं. तेव्हापासून माळावर पत्र्याच्या दोन खोल्यांच्या शाळेत मतदान होतं आणि त्या एका दिवशी सगळं गाव येतं. मत द्यायला दोन मिनिटं लागतात. बाकी दिवसभर बोलणं, रडणं, जुनी भांडणं उकरून काढणं, आणि कुणाचं कोण गेलं, कुणाला काय झालं ते ऐकणं. आता तीन तुकडे झाले की ते केंद्र बंद. यादी नव्याने करणार. म्हणजे हे शेवटचं.

भाच्याला म्हटलं, कळवते.

१३ फेब्रुवारी

कळवायचं काय, कपाळ! साहेबांचा मुलगा, धाकटे साहेब, उभे राहणार आणि बाकी सगळ्या पक्षांनी आपसांत ठरवून टाकलंय की दीड वर्षासाठी कोण धावाधाव करणार, पुढच्या वेळी नव्या मतदारसंघात बघू. म्हणजे बिनविरोध. म्हणजे मतदान नाही.

आणि फोन तर थांबत नाहीत. गावचा न्हावी, आता कुठल्याशा कारखान्यात पहारेकरी आहे, त्याने विचारलं. सुईणीने विचारलं, तिने गावातली निम्मी पोरं हातावर घेतलीत आणि अजून मोजत असते. "मतदान कधी? रजा टाकायचीय." मी सांगते, नाहीच होणार. मग पुढे मलाच "हॅलो, हॅलो" करावं लागतं.

हे सगळा वेळ पेपर धरून बसलेले. शेवटी माझं डोकं फिरलं. "तोंडाला कुलूप लावलंय का? काही बोलत का नाही?"

"तूच नको म्हणालीस."

"मी तुम्हाला नको म्हटलं!"

"हो ना. मला," हे म्हणाले, आणि परत पेपरात तोंड घातलं.

"दुसरं कुणी नाही का उभं राहायला?"

"दुसरं कोण एवढं रिकामं आहे?"

"मग मीच भरते अर्ज!" रागाच्या भरात बोलून गेले. आली अंगावर तर घेतली शिंगावर, माझा स्वभावच तसा.

हे म्हणाले, "बरं."

परत बरं! आणि उठून टेबलाच्या खणातून अर्ज काढला. माझं नाव, वय, यादीतला क्रमांक, सगळं ह्यांच्या सुवाच्य मास्तरी अक्षरात भरलेलं. म्हणाले, रिकामा वेळ होता म्हणून सराव केला. फोटोही तयार होते. नातीने मागे पासपोर्टसाठी म्हणून भिंतीपाशी उभं करून काढले होते. मला कुठे परदेशी जायचं होतं कुणास ठाऊक. पण योगायोगाने कामाला आले.

अक्काची पिशवी डोळ्यांसमोरून हलत नाही. भरते अर्ज. हरायला काय लागतं?

१७ फेब्रुवारी

भरला. शेवटचा दिवस होता. सूचक म्हणून सह्या करायला गावातली जवळपास असलेली दहा माणसं आली. न्हाव्याने रात्रपाळी करून सही केली, त्याचे डोळे लाल. हे खाली बाकावर थांबले, मी एकटीच जिना चढले.  

वर धाकट्या साहेबांचा हा लवाजमा. ते स्वतः खिडकीपाशी फोनवर मुलाखत देत होते. मला बघून फोन बाजूला धरून म्हणाले, "काकू, तुम्ही? काकांची तब्येत बरी ना?"

"बरी आहे. बरीच राहावी म्हणून मी आले."

मोठे साहेब खुर्चीवर बसले होते, त्यांचे वकील पुढ्यात कागद सरकवत होते आणि साहेब सह्या करत होते. मला पाहून थांबले. जाड भिंगांतून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "शेवटी आलात तुम्ही. फार वर्षं लावलीत." मी म्हटलं, "गर्दी होती जिन्यात."

मग त्यांनी विचारलं, "मास्तर कुठे आहेत?" खाली आहेत म्हटलं. खिडकीतून वाकून खाली बाकाकडे पाहिलं आणि परत सह्या करायला लागले.

भाच्याला कळवलं, येऊ दे अक्काला.

१८ फेब्रुवारी

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाईट आलं तर येवो.

आज छाननी होती. धाकट्या साहेबांचा अर्ज बाद झाला. उमेदवाराच्या सहीच्या जागी वडिलांची सही! मोठे साहेब इतकी वर्षं तिथेच सही करत आलेत, वकिलाने सवयीने कागद त्यांच्यापुढे सरकवला, त्यांनी सवयीने सही ठोकली. आणि कुणी वाचून पाहिलं नाही, कारण बिनविरोधच तर आहे म्हणून सगळे निर्धास्त. डमी उमेदवारही दिला नव्हता. जादा अर्जही भरला नव्हता. अधिकाऱ्यांनी कागद वर धरून सगळ्यांना दाखवला.

रिंगणात मी एकटी उरले. परवा दुपारी तीनला माघारीची मुदत संपली की मी खासदार. मी! जिला साधी सोसायटीची मीटिंग नको वाटते.

घरी ही गर्दी. ह्यांनी लग्नातला कोट काढला, बटण लागत नव्हतं ते तसंच ठेवलं, आणि बाहेरच्या खोलीत ताठ बसले. आयुष्यात पहिल्यांदा लोक आमच्या घरी निकालाला हसत आले होते. फोन वाजला की हे उचलून म्हणत, "हो, खासदारीणबाई आहेत घरात, देतो हं." दोनदा तर फोन वाजलाच नव्हता, तरी उचलला. लेक रडली, नात नाचली. ह्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत पहिला आलेल्या मुलासारखे दिसत होते.

मग भाच्याचा फोन. "मावशी, अभिनंदन! कमाल केलीत. मग आता मतदान नाही ना? आईची पिशवी सोडून ठेवतो."

सगळ्यांच्या देखत मी "हो, हो" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. ज्यासाठी केला अट्टहास तेच गेलं! देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे तर देवाने दिलं तेच नको ते.

१९ फेब्रुवारी

साहेबांचा निरोप आला. "पद्धतीप्रमाणे या चहाला. आज हरलेलं घर आमचं आहे."

गेले. ह्यांना पाहुण्यांतून सवड नव्हती. धाकटे साहेब वरच्या खोलीत दार लावून बसले होते. मोठ्या साहेबांनी चहा स्वतः केला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पण डबे कुठे आहेत ते अजून शोधावं लागतं त्यांना. "साखर?" विचारलं.

"घाला."

"मला तुम्ही कधी घातली नाहीत."

"तुम्हाला कळलं होतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहिल्या घोटाला," म्हणाले आणि हसले.

मी विचारलं, सही अशी कशी झाली? तर कपात बघत म्हणाले, "सवय. हात आपोआप चालला." मग विचारलं, "मास्तर खूश आहेत?" मी सांगितलं, कोट घालून बसलेत, न वाजलेले फोन घेतात. साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "एकदा तरी त्यांना..." म्हणाले आणि थांबले.  माणसं म्हातारी झाली की अर्ध्यावर वाक्य विसरतात.

शेवटी मी पोटातलं बोलले. "मी अर्ज मागे घेतला तर पुन्हा लागेल का निवडणूक?"

कप खाली ठेवला त्यांनी. "वेड लागलंय का? त्या सभागृहात बसण्यासाठी माणसं जन्म घालवतात."

"मला मतदान पाहिजे. माझी अक्का तेवढ्यासाठीच येते."

कप पुन्हा उचलून एक घोट घेतला. मग म्हणाले, "उमेदवारच उरला नाही तर नव्याने अर्ज मागवावे लागतात. माझा मुलगा पुन्हा भरेल. या वेळी मी सहीला हात लावणार नाही. पण मग तुम्ही हराल."

"हरायची सवय आहे आम्हाला. धाकटे साहेब वाचून सही करतील ना?"

"मी समोर बसून करून घेतो."

दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मास्तरांना मी कधी सांगितलं नाही. छत्रीच्या वेळी बिनविरोध झालो असतो तर मी तुमच्या गावापर्यंत कधीच आलो नसतो." ते मी ऐकलं, पण माझं सगळं लक्ष घरी काय सांगायचं याच्याकडे होतं.

२० फेब्रुवारी

सकाळी हे कोटाला ब्रश मारत होते. ज्या माणसाने उभा जन्म हरण्यात घातला त्याला दोन दिवसांचा आनंद मिळाला आणि तो मीच काढून घेणार होते. मला स्वतःचा राग येत होता, अक्काचा येत होता, त्या सहीचा तर सगळ्यात जास्त येत होता. आडवळणाने बोलायला मला जमत नाही. म्हटलं, "मी मागे घेतेय."

हे ब्रश मारत राहिले. एकाच बाहीवर.

"अक्कासाठी?"

"सगळ्यांसाठी. पण मुख्य अक्कासाठी. तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार. खरंच नाही घेणार. म्हणा नको."

कोट खुंटीला लावला. आत जाऊन पाणी प्यायले. बराच वेळ आतच होते. मग बाहेर येऊन तोच कोट परत काढला आणि अंगात घातला. म्हणाले, "चल. तीन वाजायच्या आत पोचायला पाहिजे. ऑफिसात जायचं तर नीटनेटकं दिसावं."

या वेळी डॉक्टरांचं न ऐकता जिनाही चढले, एकेका पायरीवर थांबत, माझ्या खांद्याला धरून. अधिकारी म्हणाले, "बाई, घड्याळ बघा. थोड्या वेळात तुम्ही खासदार असाल. घरच्यांशी बोललात का?"

हे म्हणाले, "घरचा मीच. सही कुठे करायची ते दाखवा त्यांना."

बाहेर पडल्यावर बाकावर बसलो. हे म्हणाले, "दोन दिवस खासदारीणबाईचा नवरा होतो. पुष्कळ झालं." आणि चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, त्या ऑफिसात धूळ फार आहे.

लेक संध्याकाळी बोलली नाही. नणंदेने फोनवर मला मूर्ख म्हटलं. असू दे.

४ मार्च

नवी तारीख लागली, तीस तारखेला मतदान. मी पुन्हा अर्ज भरला, धाकट्या साहेबांनीही भरला; सही त्यांचीच आहे हे मी अधिकाऱ्यांना वाचायला लावलं. मला चिन्ह मिळालं इस्त्री. नात म्हणते, "आजी, तुझ्या स्वभावाला शोभतं." अक्काने पिशवी परत भरलीय.

१९ मार्च

प्रचार म्हणजे काय, जिथे जाते तिथे लोक बसवून घेतात. एका वस्तीवर पाण्याचा टँकर पंधरा दिवस नाही, तिथूनच पाणीपुरवठ्याच्या साहेबाला फोन लावून त्याची अशी बिनपाण्याने केली की संध्याकाळी टँकर हजर. बायका म्हणाल्या, छत्रीपासून तुम्हीच येताय, मास्तर तर नुसते भाषण करून जायचे. असं कसं? सगळं हेच करायचे. मी फक्त बरोबर असायची.

गाडीत हे पुढे बसतात आणि येणारी प्रत्येक वाट ओळखून सांगतात. इथे शिट्टीच्या वेळी टायर फुटला. इथे पतंगाच्या वेळी आपण भांडलो आणि तू उतरून चालायला लागलीस. मी म्हटलं, चूक तुमची होती. म्हणाले, हो. मग दोघंही हसलो. किती फिरलो आम्ही या रस्त्यांवर, आणि मला वाटायचं मी घरी राहून संसार केला.

३० मार्च

संध्याकाळ झालीय. पाय दुखताहेत, पण लिहूनच झोपणार.

पहाटेपासून माळावर गाड्या लागत होत्या. पत्र्याच्या शाळेसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. न्हावी आला, त्याच्या खुर्चीवर बसून केस कापून घेतलेली सगळी डोकी आता टकली झालेली, तो हसून हसून दमला. सुईण काठी टेकत एकेकाला हनुवटी धरून बघत होती. ज्या दोघा चुलत भावांनी बांधावरून बोलणं टाकलं होतं, ते तो बांध पाण्यात नक्की कुठे आहे यावरून भांडत होते. तरुण पोरं, ज्यांनी गाव पाहिलंही नाही, कठड्यावर उभी राहून आजीला विचारत होती, आपलं घर कुठे? आणि प्रत्येक आजी पाण्यात वेगळीकडे बोट दाखवत होती.

मोठे साहेब आले. त्यांचं मत इथे नाही, तरी आले आणि ह्यांच्या शेजारी बाकावर बसले. दोघं काय बोलत होते देव जाणे. ह्यांचं हसणं मात्र लांबपर्यंत ऐकू येत होतं.

दुपार उलटली तरी अक्का नाही. भाच्याचा फोन लागेना. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले, परत आले, परत गेले. ऊन उतरायला लागलं, मतदानाची वेळ संपत आली, तेव्हा गाडी आली.

अक्का उतरली. किती वाळलीय! हातात ती पिशवी. मी धावत पुढे गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "नमस्कार. तुम्ही इथल्या बाई का?"

भाच्याने मान खाली घातली. मी म्हटलं, "हो. इथलीच."

पण शाळा तिला बरोबर ठाऊक होती. कुणी सांगायच्या आत रांगेत उभी राहिली. आतल्या माणसाने नाव पुकारलं तशी "हजर" म्हणाली. शाईला बोट स्वतःहून पुढे केलं. आत गेली, बाहेर आली, पायऱ्या उतरली, आणि कडेच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या पदराला तोच वास होता, लहानपणी मी त्यात तोंड खुपसून झोपायची तो.

इकडे तिकडे बघून ती माझ्या कानाशी वाकली. "मत कुणाला दिलं ते सांगायचं नसतं. पण तुम्ही चांगल्या घरच्या दिसता म्हणून सांगते. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला दिलं. दर वेळी त्यालाच देते. हरतो बिचारा."

मी विचारलं, "हरतो तर कशाला देता?"

"वा! असं कसं? तो उभा राहतो म्हणून तर माझी बहीण मला भेटते."

"कुठे आहे तुमची बहीण?"

"येईल," अक्का म्हणाली. "मतदान आहे ना, म्हणजे येणारच ती. तुम्ही बसा माझ्याजवळ तोपर्यंत."

तिने माझा हात हातात घेतला आणि आम्ही दोघी रस्त्याकडे बघत बसलो.